‘डिमाइज’ म्हणजे पट्टा की मृत्यू? मुंबईतील घराचे कागद वाचणाऱ्या नवख्यांसाठी मार्गदर्शक

मुंबईत घरातील कर्ते माणूस गेले की दिवसकार्य आटोपते न आटोपते तोच कपाटातील फायली बाहेर निघतात आणि पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘वारस कोण?’ हा. हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण त्याच्याही आधी ‘हे घर आपल्याकडे कोणत्या कागदाने आले आहे?’ हे पाहावे लागते. एकाच मृत्यूचा परिणाम भाडेपट्ट्यावर एक होतो, पागडीच्या खोलीवर दुसरा, लिव्ह अँड लायसन्सवर तिसरा आणि सोसायटीतील मालकीच्या सदनिकेवर चौथा. जुन्या इंग्रजी दस्तांतील ‘डिमाइज’ हा शब्द या गोंधळात भर घालतो, कारण तो एका पानावर पट्ट्याने जागा देणे या अर्थाने येतो आणि चार पानांनंतर माणसाचे निधन या अर्थाने. वकिलाच्या कार्यालयात नव्याने रुजू झालेले कारकून, सोसायटीच्या समितीवर पहिल्यांदाच निवडून आलेले सभासद आणि आई-वडिलांच्या पश्चात पहिल्यांदा दस्त हातात घेणारी मुले यांच्यासाठी हा लेख आहे. कागद समोर ठेवून पुढील क्रमाने वाचत गेल्यास वकिलाकडे जाण्यापूर्वी निम्मे काम झालेले असेल.

पायरी पहिली : शब्द कोणत्या अर्थाने आला आहे ते ठरवा

हा शब्द इंग्रजी कायद्यात फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ सोडून देणे, पाठवून देणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. जमीनदाराने आपल्या जमिनीचा ताबा व उपभोग ठरावीक मुदतीसाठी हातचा सोडून दुसऱ्याकडे दिला, म्हणजे त्याने ती जमीन ‘डिमाइज’ केली. मृत्यूचा अर्थ त्याला राजसत्तेच्या वाटेने चिकटला. इंग्लंडच्या कायद्यात गादी क्षणभरही रिकामी राहत नाही. राजा गेला की सत्ता त्याच क्षणी वारसाकडे जाते आणि या संक्रमणाला ‘डिमाइज ऑफ द क्राउन’ म्हणतात. बहुतेक वेळा हे संक्रमण राजाच्या मृत्यूनेच होत असल्यामुळे पुढे बोलीत हा शब्द मृत्यूसाठीच वापरला जाऊ लागला. मूळ अर्थ हस्तांतराचाच होता, याचा उत्तम दाखला १९३६ सालचा आहे. आठव्या एडवर्डने पदत्याग केला तेव्हा त्याबाबतच्या कायद्यात ‘डिमाइज ऑफ द क्राउन’ होईल असेच लिहिले गेले, आणि राजा तर त्यानंतर कितीतरी वर्षे हयात होता.

कागदावर अर्थ ओळखण्याची खूण सोपी आहे. ज्याचे ‘डिमाइज’ झाले असे लिहिले आहे ती वस्तू जमीन, इमारत किंवा गाळा असेल आणि पुढे ‘अंटू द लेसी’ म्हणजे पट्टेदारास असे शब्द असतील, तर तेथे पट्टा समजावा. ‘डिमाइज ऑफ’ या शब्दांनंतर माणसाचा किंवा पक्षकाराचा उल्लेख असेल, उदाहरणार्थ ‘इन द इव्हेंट ऑफ द डिमाइज ऑफ द लायसन्सी’ (म्हणजे लायसन्सवर राहणारा वारल्यास), तर तेथे मृत्यू समजावा. ‘डिमाइज्ड प्रिमायसेस’ म्हणजे नेहमीच पट्ट्याने दिलेली जागा. ती मयताची जागा नव्हे. मयतासाठी दस्तात ‘डिसीस्ड’ हा शब्द येतो. ‘डिव्हाइज’ हा आणखी एक सारख्या उच्चाराचा शब्द आहे आणि त्याचा अर्थ स्थावर मालमत्ता मृत्युपत्राने देणे असा होतो. हे तीन शब्द जुन्या टंकलिखित दस्तात एकाखाली एक आले की नवखा वाचक हमखास अडखळतो, म्हणून पहिल्या वाचनातच तिन्हींखाली वेगवेगळ्या रंगाच्या रेघा ओढाव्यात, असे मी सुचवेन.

बंदराशी संबंधित कामात ‘डिमाइज चार्टर’ हाही शब्द भेटतो. तेथे मालक जहाजाचा पूर्ण ताबा भाड्याने घेणाऱ्याकडे देतो आणि खलाशी नेमण्यापासून जहाज चालवण्यापर्यंतची जबाबदारी त्या घेणाऱ्याची असते. २०१७ च्या सागरी अधिकारितेच्या कायद्यात, जहाज अटकावून ठेवण्याच्या तरतुदीत, अशा ‘डिमाइज चार्टरर’चा स्पष्ट उल्लेख आहे. घराच्या कागदांशी त्याचा संबंध नाही. पण ताबा संपूर्णपणे दुसऱ्याच्या हाती जाणे हा या शब्दाचा गाभा तेथे स्वच्छ दिसतो आणि पुढच्या पायरीला तोच उपयोगी पडणार आहे.

पायरी दुसरी : कागदाची जात ओळखा

दस्ताच्या मथळ्यावर विसंबू नये. ‘भाडेपट्टा’ आणि ‘लायसन्स’ यांतील फरक न्यायालये मथळ्यावरून ठरवत नाहीत. पक्षकारांचा खरा हेतू काय होता आणि जागेत हितसंबंध निर्माण झाला का, हे पाहिले जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या प्रकरणात हे तत्त्व मांडले आणि आजही वाद झाला की तेच पुढे येते.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०५ नुसार भाडेपट्टा म्हणजे स्थावर मालमत्तेच्या उपभोगाच्या हक्काचे हस्तांतरण. ते ठरावीक मुदतीसाठी किंवा कायमचे असू शकते आणि त्याच्या बदल्यात अधिमूल्य (एकरकमी किंमत) किंवा भाडे दिले जाते. देणारा तो पट्टाकार, घेणारा तो पट्टेदार. जुन्या दस्तात याची ओळख पटवणारे वाक्य साधारणपणे असे असते : ‘द लेसर डथ हिअरबाय डिमाइज अंटू द लेसी ऑल दॅट पीस ऑर पार्सल ऑफ लँड’, म्हणजे पट्टाकार या दस्तान्वये अमुक जमिनीचा तुकडा पट्टेदारास पट्ट्याने देत आहे. त्यामागून ‘टू होल्ड’ या शब्दांनी मुदत सुरू होते आणि ‘यील्डिंग अँड पेइंग’ या शब्दांनी भाडे. हे तीन तुकडे सापडले, की दस्ताचा कणा सापडला. मग थेट शेवटच्या परिशिष्टाकडे जावे, कारण नेमके काय दिले आहे ते चतुःसीमांसह तेथे लिहिलेले असते. नुसती जमीन दिली आहे की जमिनीसह इमारत, गच्ची त्यात आहे की नाही, आवारातील विहीर, वाट, गॅरेज कोणाकडे आहे, हे सारे या परिशिष्टावरून ठरते. वारसांमध्ये किंवा सोसायटी आणि जमीनमालक यांच्यात पुढे जे वाद होतात, त्यांतील पुष्कळसे हे एक पान सुरुवातीलाच नीट वाचल्यास टळण्यासारखे असतात.

याउलट लायसन्समध्ये जागेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ नुसार ती केवळ परवानगी आहे. ती नसती तर तेथे राहणे बेकायदा ठरले असते, एवढाच तिचा अर्थ. म्हणूनच मुंबईतल्या बहुतेक लिव्ह अँड लायसन्स करारांत, या दस्ताने कोणतीही टेनन्सी, लीज किंवा डिमाइज निर्माण होत नाही, अशा आशयाचे कलम असते. तेथे ‘डिमाइज’ शब्द नाकारण्यासाठी आलेला असतो, हे नव्या वाचकाने विसरू नये. मुंबईतील घरमालक या कलमाबाबत इतके जागरूक का, याला इतिहास आहे. मुंबई भाडे अधिनियमात झालेल्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर जागेत असलेल्यांना कायद्याने भाडेकरूचा दर्जा मिळाला आणि तेव्हापासून घरमालकांच्या मनातली धास्ती करारांच्या भाषेत उतरली.

तिसरी जात पागडीची, म्हणजे भाडेनियंत्रणाखालील भाडेकरूची. येथे पुष्कळदा मूळ करार असतच नाही; असतात त्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या भाडेपावत्या. चौथी जात सोसायटीतील मालकीच्या सदनिकेची, जिथे विक्री करार, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा दस्ताच्या नोंदीचा उतारा) आणि भागप्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट) असते. काही घरांत दोन जाती एकावर एक असतात. सदनिका सभासदाच्या मालकीची, पण इमारतीखालची जमीन मात्र महानगरपालिका, जिल्हाधिकारी, म्हाडा किंवा मुंबई बंदर यांच्याकडून सोसायटीने पट्ट्याने घेतलेली, अशी स्थिती शहरात आणि उपनगरांत सर्रास आढळते. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने विकसित केलेल्या वसाहतींतील भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्यांनी दिले गेले आणि १९३३ मध्ये तो ट्रस्ट महापालिकेत विलीन झाल्यावर पट्टाकाराच्या जागी महापालिका आली. खाडीपलीकडे नवी मुंबईत सिडकोचे पट्टे साधारणतः ६० वर्षांच्या मुदतीचे केले गेले. मालमत्ता पत्रकावरील (प्रॉपर्टी कार्डावरील) धारकाचे नाव आणि सत्ताप्रकार हे दोन रकाने पाहिले की जमीन स्वतःची आहे की पट्ट्याची, हे लगेच कळते.

पायरी तिसरी : घर किंवा जमीन भाडेपट्ट्याने असेल तर

भाडेपट्टा कोणत्या कारणांनी संपतो, याची यादी १८८२ च्या अधिनियमाच्या कलम १११ मध्ये दिलेली आहे. मुदत संपणे, हक्क सोडून देणे, अट मोडल्यामुळे पट्टा रद्द होणे अशी कारणे त्यात आहेत. पट्टाकाराचा किंवा पट्टेदाराचा मृत्यू हे स्वतंत्र कारण त्यात नाही. पट्ट्याने हक्काचेच हस्तांतरण झालेले असल्यामुळे उरलेली मुदत ही पट्टेदाराची मालमत्ता असते आणि ती त्याच्या वारसांकडे जाते. याला दोन अपवाद त्याच कलमात आहेत. पट्टाच ‘पट्टेदार हयात असेपर्यंत’ अशा शर्तीवर दिला असेल, तर त्याच्या मृत्यूने तो संपतो. आणि पट्टाकाराचा स्वतःचाच हक्क केवळ हयातीपुरता असेल, तर त्याच्या मृत्यूबरोबर त्याने दिलेला पट्टाही सहसा संपतो. म्हणून मुदतीचे वाक्य शब्दशः वाचावे.

प्रत्यक्ष काम करताना प्रथम पाहावे की पट्टेदार म्हणून कोणाचे नाव आहे. पट्टा सोसायटीच्या नावे असेल, तर एखादा सभासद वारल्याने पट्ट्याला काहीच होत नाही, कारण सोसायटी ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे. सभासदाच्या वारसांनी सोसायटीच्या दप्तरापुरतीच कार्यवाही करायची. पट्टा मात्र आजोबांच्या वैयक्तिक नावावर असेल, जसे काही जुन्या बंगल्यांच्या भूखंडांबाबत आढळते, तर वारसांनी पट्टाकार संस्थेच्या मालमत्ता विभागाकडे मृत्यूचा दाखला आणि वारसा सिद्ध करणारी कागदपत्रे देऊन नावे नोंदवून घेणे आवश्यक आहे. अनेक जुन्या पट्ट्यांत हस्तांतराची लेखी सूचना ठरावीक मुदतीत देण्याची अट असते आणि काहींत वारसाने होणारे हस्तांतरही तिच्यात धरलेले असते. अशी अट मोडली गेल्यास नूतनीकरणाच्या वेळी ती नेमकी समोर ठेवली जाते. पट्ट्याची मुदत संपत आली असेल, तर वारसांनी आपसांतील वाटणी होण्याची वाट न पाहता सर्वांच्या सह्यांनी नूतनीकरणाचा अर्ज करावा.

पट्टाकार वारला असेल तर पट्टेदाराचा पट्टा चालूच राहतो, फक्त भाडे घेणारे हात बदलतात. मृत्यूची किंवा मालकी बदलल्याची कल्पना नसताना सद्भावनेने दिलेल्या भाड्याला कायदा संरक्षण देतो. पण कल्पना आल्यानंतर कोणा एका वारसाच्या तोंडी सांगण्यावरून त्याच्या खात्यात भाडे भरत राहणे धोक्याचे आहे. सर्व वारसांच्या सहीचे एकच पत्र मागावे आणि ते मिळेपर्यंत भाडे तयार असल्याचे लेखी कळवून ठेवावे.

पायरी चौथी : पागडीची खोली असेल तर

गिरगाव, परळ, लालबाग, दादर येथील चाळींमधल्या हजारो कुटुंबांना ज्या तरतुदीवर अवलंबून राहावे लागते, ती महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ७ मधील पोटकलम १५ खालील खंड (ड) ही आहे. हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. या खंडानुसार भाडेकरू वारला तर, जागा राहण्यासाठी दिलेली असल्यास, मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर तेथे राहत असलेला कुटुंबातील सदस्य भाडेकरू ठरतो. दुकान, व्यवसाय, शिक्षण किंवा साठवणीसाठी दिलेली असल्यास, मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर त्या कामासाठी जागा वापरणारा कुटुंबातील सदस्य भाडेकरू ठरतो. असा सदस्यच नसेल तर वारसाचा विचार होतो. आणि भाडेकरू कोण याबाबत आपसांत समझोता झाला नाही, तर न्यायालय ठरवते.

या तरतुदीचा क्रम नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण तो आपल्या नेहमीच्या वारसाहक्काच्या कल्पनेशी जुळत नाही. पुण्याला किंवा परदेशी स्थायिक झालेला थोरला मुलगा आणि शेवटपर्यंत वडिलांबरोबर खोलीत राहिलेली धाकटी मुलगी असा प्रश्न आला, तर हिंदू वारसा कायद्याने दोघेही समान वारस असले, तरी भाडेकरूपणाच्या हक्कासाठी कायदा प्रथम बरोबर राहणाऱ्या मुलीकडे पाहतो. मला ही तरतूद न्याय्य वाटते. जिने म्हातारपणी सांभाळले, जिचे छप्पर त्या खोलीशी बांधलेले आहे, तिला मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर यावे लागू नये, हा या तरतुदीचा हेतू आहे. त्याचप्रमाणे, अशी खोली मृत्युपत्राने कोणालाही देता येईल, हा समजही चुकीचा आहे. जुन्या मुंबई भाडे अधिनियमातील समान तरतुदीचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये स्पष्ट केले आहे की तेथील ‘वारस’ या शब्दात मृत्युपत्राने नेमलेला लाभार्थी येत नाही. मृत्युपत्रात खोलीचा उल्लेख असेल, तर त्यावर विसंबून घरातील कोणी आपला ताबा सोडू नये.

आता करायचे काय, तर बरोबर राहत असल्याचा पुरावा लगेच एकत्र करावा. मृत्यूच्या आधीच्या काळातील शिधापत्रिका, मतदार यादीतील नोंद, आधारवरील पत्ता, वीजबिल, बँकेचे पासबुक, मुलांच्या शाळेच्या नोंदी, शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे, यांतील जे मिळेल ते जमवावे. मृत्यूनंतर घाईघाईने बदलून घेतलेल्या पत्त्याला फारसे वजन राहत नाही. मृत्यूच्या वेळी कोण राहत होते, हाच प्रश्न विचारला जातो. कुटुंबातील इतरांचा विरोध नसेल तर त्यांच्या ना हरकत पत्रासह घरमालकाला लेखी अर्ज करून भाडेपावती नव्या नावाने मागावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. पावतीवर ‘कै.’ लावलेले आजोबांचे नाव तीन पिढ्या तसेच ठेवण्याची सवय मुंबईत फार आहे. तिचा फटका पुनर्विकासाच्या वेळी पात्र भाडेकरूंची यादी तयार होताना बसतो. त्या वेळी चुलत-आते भावंडांच्या सह्या गोळा करत फिरण्यापेक्षा प्रत्येक पिढीत पावती बदलून घेणे कितीतरी सोपे असते.

पावती बदलण्यासाठी घरमालक रक्कम मागतात, हा अनुभव अनेकांना येतो. या अधिनियमाच्या कलम ५६ ने, भाडेकरूने हक्क सोडताना किंवा घरमालकाने जागा देताना अथवा दुसऱ्याच्या नावे करण्यास संमती देताना रक्कम घेणे कायदेशीर केले आहे. बरोबर राहणारा कुटुंबीय मात्र घरमालकाच्या संमतीने भाडेकरू होत नाही, तो कायद्यानेच भाडेकरू ठरतो, ही बाब बोलणी करताना माहीत असावी. घरमालक भाडेच घेत नसेल तर बँकेद्वारे किंवा स्पीड पोस्टाने धनादेश पाठवून भाडे देऊ केल्याचा पुरावा ठेवावा. थकबाकीच्या लेखी मागणीनंतर ९० दिवस उलटल्याशिवाय घरमालकाला त्या कारणाने दावा लावता येत नाही, आणि दाव्याचे समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, १५ टक्के व्याज व खर्च भरल्यास त्या कारणाने ताबा जात नाही. वाद मिटला नाही तर बृहन्मुंबईत असे दावे लघुवाद न्यायालयात चालतात.

एक सावधगिरीची सूचना. बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि भरणा झालेले भांडवल १ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक असलेल्या कंपन्या यांना दिलेल्या जागांना हा अधिनियम लागू नाही, त्यामुळे भाडेकरू कंपनी असेल तर वरील विवेचन जसेच्या तसे वापरू नये.

पायरी पाचवी : लिव्ह अँड लायसन्सवर राहत असाल तर

परवानगी व्यक्तीला दिलेली असते. म्हणून लायसन्सी वारला की बरोबर राहणारी पत्नी किंवा मुले यांना, ती पागडीच्या खोलीत राहत असती तर मिळाले असते तसे संरक्षण येथे मिळत नाही. बहुतेक घरमालक माणुसकीने वागतात. पण कुटुंबाने त्यावर सारे सोडू नये आणि उरलेल्या मुदतीसाठी किंवा नव्या मुदतीसाठी पत्नीच्या अथवा सज्ञान मुलाच्या नावे नवा करार लवकर करून घ्यावा. खर्च फार नसतो. दरमहा ४०,००० रुपये शुल्क, २ लाख रुपये परत मिळणारी अनामत आणि २४ महिन्यांची मुदत धरली, तर एकूण शुल्क ९,६०,००० रुपये आणि अनामतीवर वर्षाला १० टक्के दराने दोन वर्षांचे ४०,००० रुपये अशी १० लाखांची बेरीज होते. त्यावर ०.२५ टक्के म्हणजे २,५०० रुपये मुद्रांक शुल्क आणि महापालिका क्षेत्रात १,००० रुपये नोंदणी शुल्क लागते. करार अकरा महिन्यांचा असला म्हणजे नोंदणी नको, ही समजूत सोडून द्यावी. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि तो तसा करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे.

अनामत रक्कम हे घरमालकाकडून मयताला येणे असलेले कर्ज असते. ती पत्नीच्या खात्यात मागताना सर्व वारसांचे संमतीपत्र आणि हमीपत्र दिल्यास सहसा काम होते. रक्कम मोठी असेल किंवा वारसांत मतभेद असतील, तर घरमालक न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र मागू शकतो आणि त्याची ही मागणी गैरवाजवी नसते, कारण चुकीच्या माणसाला पैसे दिल्यास त्याला ते पुन्हा द्यावे लागू शकतात.

घरमालक वारल्यास लायसन्सीने भाडे कोणाला द्यायचे, हा पहिला प्रश्न येतो, कारण मयताच्या खात्यात रक्कम भरत राहिल्यास ती बँकेत अडकू शकते. सर्व वारसांशी पूरक करार करून त्यात पैसे कोणत्या खात्यात भरायचे आणि अनामत परत करण्याची जबाबदारी कोणाची, हे लिहून घ्यावे. मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास मयत घरमालकाचा वारसदेखील सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करू शकतो, अशी स्पष्ट तरतूद कलम २४ मध्ये आहे आणि मुदतीनंतरच्या वास्तव्यासाठी दुप्पट शुल्काइतकी भरपाई द्यावी लागते.

पायरी सहावी : सोसायटीतील मालकीची सदनिका

येथे गैरसमज एकच, पण तो फार पसरलेला आहे : नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक. तसे नाही. नामनिर्देशनामुळे सोसायटीला कोणाशी व्यवहार करायचा हे कळते. मालकी मात्र वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंद्राणी वाही प्रकरणात सांगितले की सोसायटीने नामनिर्देशनानुसार नोंद केली पाहिजे, मात्र इतर वारसांना आपला मालकी हक्क योग्य न्यायालयात सिद्ध करण्याची मुभा राहते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकारी संस्था अधिनियमात नामनिर्देशित व्यक्तीला ‘तात्पुरता सभासद’ म्हणून घेण्याची तरतूद आली. समितीवर नव्याने आलेल्यांनी म्हणूनच भागप्रमाणपत्रावर कायम नाव चढवण्याची घाई करू नये, आणि नामनिर्देशन नसेल तर उपविधींप्रमाणे हरकती मागवणारी जाहीर सूचना देऊनच पुढे जावे.

पायरी सातवी : वारसाचे कागद

कागदाची जात कळल्यावरच कोणता दाखला लागेल हे ठरवता येते, म्हणून ही पायरी मुद्दाम मागे ठेवली आहे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत झाली आहे ना, हे पाहून महापालिकेच्या विभाग कार्यालयातून दाखल्याच्या पुरेशा प्रती घ्याव्यात, आणि दाखल्यावरील नाव दस्तावरील नावाशी अक्षरशः जुळते का ते तेथेच तपासावे. दस्तात ‘विनायकराव’ आणि दाखल्यात ‘विनायक’ एवढ्या फरकानेही पुढे प्रतिज्ञापत्रांचा फेरा लागतो. बँकेतील ठेवी, शेअर किंवा अनामत यांसारख्या येणी रकमांसाठी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ खालील उत्तराधिकार प्रमाणपत्र असते, तर वारस म्हणून ओळख प्रस्थापित करण्यासाठी १८२७ च्या आठव्या मुंबई विनियमाखालील वारस प्रमाणपत्र महाराष्ट्रात आजही न्यायालयाकडून घेतले जाते. दोन्ही एकच समजून चुकीचा अर्ज केल्यास कित्येक महिने वाया जातात. सर्व वारस एकमताचे असतील, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून मालकीच्या घराचा प्रश्न बऱ्याच कमी वेळात सुटू शकतो. मात्र हे पत्र साध्या मुद्रांकावर लिहून कपाटात ठेवल्यास त्याने स्थावर मिळकतीतील हक्क जात नाही.

पायरी आठवी : नवा दस्त करताना

वरील सारे आपल्या पुढच्या पिढीला करावे लागू नये, यासाठी नवा पट्टा किंवा लायसन्स लिहितानाच मृत्यूसंबंधी कलम स्वतंत्रपणे आणि साध्या शब्दांत घालून घ्यावे. लायसन्स असेल तर लायसन्सीच्या मृत्यूनंतर कुटुंबाला त्याच शुल्कावर किती महिने राहता येईल आणि अनामत कोणाच्या खात्यात परत होईल, हे लिहावे. शक्य असेल तेथे पती-पत्नी दोघांनाही लायसन्सी म्हणून दाखवावे, म्हणजे एकाच्या पश्चात दुसऱ्याचा करार चालू राहतो. भाडेपट्टा असेल तर ‘पट्टेदार’ या शब्दाच्या व्याख्येत ‘त्याचे वारस, निष्पादक आणि प्रशासक’ हे शब्द आहेत का, ते तपासावे. नोंदणीकृत पट्ट्यावरील मुद्रांक शुल्क मुदतीनुसार चढत जाते : पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्यासाठी बाजारमूल्याच्या १० टक्के रकमेवर, पाच ते दहा वर्षांसाठी २५ टक्के, दहा ते एकोणतीस वर्षांसाठी ५० टक्के आणि त्याहून अधिक मुदतीसाठी ९० टक्के रकमेवर अभिहस्तांतरणाच्या (म्हणजे खरेदीखताच्या) दराने ते आकारले जाते. नूतनीकरणाचे कलमही मुदतीच्या हिशेबात धरले जात असल्याने ते विचारपूर्वक लिहावे. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीसाठी सादर करावा लागतो. आणि मसुद्यात मृत्यूसाठी ‘डिमाइज’ असे कोणी लिहिले असेल, तर तेथे ‘डेथ’ हा शब्द घालून घ्यावा, मराठी मसुद्यात ‘मृत्यू’ असेच लिहावे, आणि ‘डिमाइज’ पट्ट्याच्या कलमापुरताच राहू द्यावा.